हजेरीपुरता धम्मपाल

अंडाभुर्जी. कांदा जास्त, मिरची उभी चिरलेली. नीलमला अंड्याचा वास सहन होत नाही.

०

दिंडोशीच्या कोर्टात लाईट गेली की शिपाई पुकारा जास्त मोठ्याने करतात, कारण अंधारात माणसाला स्वतःचं नाव उशिरा ऐकू येतं. असं चंद्रप्रकाश म्हणतो. तो तिथे शिपाई आहे.

०

एक हिरवा ठिपका. मोहरीएवढा.

०

मान डावीकडे, जरा खाली. खालचा ओठ दातात. उजवा पाय हलतोय आणि पायाबरोबर लोखंडी पलंगाची पट्टी वाजतेय.

०

या घरात कावळ्याला घास ठेवत नाहीत.

०

"लॉगिन कर फक्त. खेळू नकोस. हजेरीपुरतं."

०

तर धम्मपाल गेला. चंद्रप्रकाशचा सतरा वर्षांचा मुलगा, भाद्रपदातल्या तापाने, आठवड्याच्या आत. डॉक्टर आधी डेंग्यू म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले आणि चंद्रप्रकाशच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. बहीण नीलम धम्मपालहून दोन वर्षांनी लहान. ती तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून त्याचा फोन सांभाळत होती.

जालन्याहून माणसं आली. म्हाडाच्या त्या दोन खोल्यांत मावेनात, गॅलरीत बसली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या आत्याने दबक्या आवाजात विचारलं, दहाव्याला काही करणार का, निदान एक घास बाहेर? चंद्रप्रकाशने कोर्टाच्या पॅसेजमधला आवाज काढला. म्हणाला, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. गेलेला माणूस कुठे जात नाही आणि कुठून येत नाही. मग सहदेवकाका आले. ते वसाहतीतले बौद्धाचार्य, लग्न असो की मयत, विधी तेच करतात. जलदान विधी झाला, पांढऱ्या कपड्यांतली माणसं जेवली, गेली.

द्रौपदीने मान डोलावली होती. धम्मपालच्या आईला हे सगळं लहानपणापासून पाठ होतं आणि ते खरं आहे हेही ठाऊक होतं. खरं असल्यामुळे तिला त्याच्याशी भांडताही येईना. शेजारच्या बायकांना निदान गच्चीवर जाऊन कावळ्याची वाट तरी बघता येते. तो शिवला नाही तर काय राहिलं असेल याचा घोर करता येतो, काहीतरी कबूल करता येतं. हिला वाट बघायला काही दिलेलंच नव्हतं.

०

केयूर आणि आकाश खालच्या मजल्यावरचे. ते दोघं आणि धम्मपाल अशी त्यांची गेममधली टीम. नाव 'दिंडोशी दणका'. धम्मपाल लीडर. गेमचा नियम असा, की लीडर महिनाभर फिरकला नाही तर टीम मोडते, आणि टीमबरोबर सगळ्यांनी मिळून जिंकलेलं सगळं जातं. केयूरने नीलमला जिन्यात गाठलं. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला आणि मग ते वाक्य बोलला, हजेरीपुरतं.

नीलमला भावाच्या फोनचा पॅटर्न माहीत होता. तिने ओट्याजवळ उभ्याउभ्या गेम उघडला. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. खालच्या मजल्यावर दोन फोनांत तोच ठिपका एकाच वेळी आला असणार, कारण केयूरचा मेसेज आला, "आला." आणि लगेच त्याने तो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी इअरफोनमधून आकाश कानात म्हणाला, नुसती उभी राहा, तू नसलीस की आम्ही दोघंच बावळटासारखे दिसतो. ती उभी राहिली. लाल जॅकेटमधला धम्मपाल एका पडक्या घराच्या दारात उभा राहिला. मग बाजूच्या गवतातून कोणीतरी आलं आणि तिने विचार न करता गोळी मारली.

"झकास, धम्म्या," केयूर म्हणाला.

त्यानंतर दोन्ही कानांत नुसता गेममधल्या बेटावरचा वारा वाजत राहिला. कोणी ते नाव दुरुस्त केलं नाही, आणि एकदा दुरुस्त झालं नाही म्हटल्यावर ते तसंच राहिलं.

०

आई अंगणवाडीतून आली तेव्हा नीलम पलंगाच्या कोपऱ्यात बसली होती. तो कोपरा धम्मपालचा. चार्जर तिथे पोचतो म्हणून. नीलमने आता बोलणी खायची तयारी केली. द्रौपदी भाजीची पिशवी हातात धरून उभीच. मग तिने पिशवी तिथेच ठेवली, मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, आणि पलंगासमोर टाकून बसली.

"कोण कोण आहे?"

"केयूर. आकाश."

"आणि?"

नीलम काही बोलली नाही. उत्तर न दिल्याने आईला ते मिळालं, हे तिला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर फोन चार्ज करून ठेवलेला, शंभर टक्के, उशी नीट लावलेली. भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली ते स्टूल आधीच मांडलेलं. थोड्या वेळाने ताटली आली. भुर्जी, पाव. नीलम म्हणाली, आई, मला. पुढचं वाक्य तिने म्हटलंच नाही. आईच्या तोंडाकडे बघून तिने पाव मोडला.

०

पुढचं सगळं हळूहळू झालं, आणि हळूहळू झालेल्या गोष्टीला तारीख नसते.

क्लासच्या सरांना आईने फोनवर सांगितलं, नीलमला बरं नाही. नीलमची मैत्रीण खाली हाका मारून मारून यायची बंद झाली. गॅलरीतून तिला परत पाठवायची ती आईच, अगदी गोड बोलून. चंद्रप्रकाशला घरी यायला आठ वाजायचे, तोवर ताटली धुतलेली, स्टूल मोरीत. नीलम बसायची तेव्हा तिचा पाय हलायला लागला होता. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं. एकदा ती माईकमध्ये "वाट लागली रे" म्हणाली, तर पलीकडच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली. मग त्या दारात आल्या, आत डोकावल्या, नीलमला बघितलं. म्हणाल्या, काही नाही, मला वाटलं, आणि तोंडाला पदर लावून गेल्या.

भुर्जी आवडायला लागली. याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. एका दुपारी शाळेच्या कँटीनमध्ये तिने आपणहून अंडं मागितलं आणि पहिला घास तोंडात असताना तिला वाटलं, हे कोण खातंय?

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आज नको."

द्रौपदीने ताटली खाली ठेवली. रागावली नाही. पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात, दूधवाला येणार की नाही असं विचारावं तसं विचारलं, "मग आज तो यायचा नाही?"

नीलम पलंगावर जाऊन बसली. कोपऱ्यात.

०

शाळेतल्या शीतल मॅडम मुलांशी बोलायच्या, समुपदेशनाच्या खोलीत. नीलम दोन विषयांत नापास झाल्यावर त्यांनी आईवडिलांना बोलावलं. त्यांनी जे विचारलं, आणि नीलमने जे सांगितलं नाही, ते असं.

दिवसातून किती वेळ खेळतेस?
— तो जितका खेळायचा तितका.

फोन कोण देतं?
— द्रौपदी म्हणाली, "तीच घेते, मॅडम. ऐकत नाही." हे मोठ्याने म्हटलेलं. नीलमने आईकडे बघितलं. आई भिंतीवरच्या चित्रातल्या फुलपाखराकडे बघत होती.

नाही खेळलं तर काय होतं?
— घरात एक माणूस मरतो.

मित्रमैत्रिणी?
— दोन. ते मला ओळखत नाहीत.

मॅडम मनाने चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, या वयात मुलं घरातलं रिकामपण भरायला गेममध्ये जातात, फोन काही दिवस बंद ठेवा. संध्याकाळी तिला एकटं सोडू नका, तिच्याजवळ बसा, तिच्या आवडीचं काहीतरी खाऊ घाला. द्रौपदीने सगळ्याला मान डोलावली. चंद्रप्रकाशची मान लाजेने खाली गेली होती. एक पोरगा तापाने नेला, आणि दुसरं पोर आपल्या डोळ्यांदेखत असं. रिक्षात तो नीलमला म्हणाला, तुझ्या भावाच्या नावाला तरी जाग. मग घरी आल्याबरोबर फोन गोदरेजच्या कपाटात टाकून किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली.

नीलमने काय केलं? ती झोपली. दिवेलागणीला आडवी झाली ती सकाळी उठली. पुढचे काही दिवस तिने मैत्रिणीबरोबर बागेत फेऱ्या मारल्या, भूगोलाचे नकाशे पूर्ण केले, पोळीबरोबर नुसती भेंडी खाल्ली. पाय हलायचा थांबला. तिला वाटलं, झालं, सुटलो.

सुटले, असं तिने लगेच मनात दुरुस्त केलं.

०

कावळा आला की नाही, याबद्दल घरात एकमत नाही.

एवढं नक्की की रविवार होता, चंद्रप्रकाश घरी होता, आणि दुपारी त्याला मागच्या खिडकीपाशी द्रौपदी दिसली. त्या खिडकीतून आरेचं रान दिसतं. तिने खिडकीच्या कठड्यावर ताटली ठेवली होती. भुर्जी. ती हात जोडून नव्हती की काही पुटपुटत नव्हती, नुसती रानाकडे बघत उभी होती. कितीतरी वेळ उभी असणार, कारण भुर्जी वाळून कडेने काळपट झाली होती.

"हे काय?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"काही नाही."

"द्रौपदे, हे काय आहे?"

"कुठेतरी ठेवू ना मी," ती म्हणाली. "नीलम त्याचा गेम लावायची तेव्हा तिच्यापुढे ठेवायचे. तो फोन तुम्ही कोंडलात, आता इथे नको म्हणता. मी कुठे ठेवू, सांगा."

तो खिडकीतून खाली डोकावला. आपल्या घरात, आपल्या कठड्यावर. वसाहतीत ज्याने चार घरांतले अंगारे-धुपारे बंद केले, ज्याच्या बापाने गावात मार खाऊन ही असली ताटली ठेवायची सोडली, त्याच्या खिडकीत. खालून कोणी बघितलं असेल तर? सहदेवकाकांना कळलं तर? त्याने ताटली उचलली. मग ती हातात धरून तो इतका वेळ उभा राहिला, की बायको वळली आणि त्याच्याकडे बघायला लागली.

नीलम दाराशी होती. तिने बापाचा चेहरा बघितला आणि तिला समजलं. त्याच्या मनात दोन गोष्टी तराजूत होत्या, कावळा एकीकडे आणि ती दुसरीकडे, आणि तिचं पारडं वर जात होतं.

त्याने खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं. फोन नीलमच्या हातात दिला आणि नजर न देता म्हणाला, फोन म्हणजे यंत्र आहे, त्यात अंधश्रद्धा काही नाही. आईसाठी थोडा वेळ लावत जा. अभ्यास सांभाळून.

त्या दिवसापासून स्टूल मोरीत परत जायचं थांबलं.

०

केयूर: आलास?
आकाश: किती दिवस कुठे होतास बे?
केयूर: असू दे रे, आला ना.
आकाश: चल, डावीकडून. तू नेहमी डावीकडून जातोस ना.
(ती नेहमी उजवीकडून जायची. ती डावीकडून गेली.)

०

वर्ष झालं. पुण्यानुमोदनाला सहदेवकाका आले, पाटावर पांढरं कापड, त्यावर फोटो, मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं. सहदेवकाका बोलले ते थोडक्यात बोलले: सगळं जाणारं आहे, धरून ठेवलं की दुःख. चंद्रप्रकाश पहिल्या रांगेत ताठ बसला होता. दुपारी चारपर्यंत माणसं खीर खाऊन गेली. केयूर आणि आकाश पांढरे शर्ट घालून आले होते. नीलमशी त्यांना काय बोलावं ते कळेना. जिन्यात भेटल्यावर तिघं एकमेकांना अनोळखीच होती.

घरात तिघंच उरली. भांडी पडलेली. उन्हाचा पट्टा पलंगापर्यंत आलेला.

द्रौपदीने स्टूल समोर घेतलं. हे रोजचंच. पण मग चंद्रप्रकाशही आला, सतरंजीवर बसला, भिंतीला पाठ लावून. नीलमकडे तोंड करून. म्हणाला, "लाव जरा."

नीलमने गेम उघडला. ठिपका हिरवा झाला. तिने फोन वळवून दोघांना दिसेल असा धरला, कारण तिला वाटलं, वर्षाचा दिवस आहे, बघू देत त्याचं ते लाल जॅकेट.

"तिकडे कशाला दाखवतेस," आई म्हणाली. "नीट बस ना. रोज बसतेस तशी."

नीलमचा हात तसाच राहिला. तिने आईच्या नजरेचा माग काढला. नजर फोनवर नव्हतीच. तिच्या मानेवर होती, ओठावर, पायावर. मग बापाकडे बघितलं, तर तोही तिथेच बघत होता. तिला या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. वर्षभरात आईने एकदाही विचारलं नव्हतं की जिंकलं कोण.

"आई, मी नीलम आहे."

"माहीत आहे गं मला." द्रौपदीचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "वेडी आहे का मी? पण तू खेळायला लागलीस ना, की थोड्या वेळाने तुझी मान त्याची होते. बोलायचं नाही, उठायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावते. तेवढंच मागते. जास्त नाही."

"आणि मी कुठे जाते तेव्हा?"

हा प्रश्न कोणालाच अपेक्षित नव्हता. चंद्रप्रकाशने घसा खाकरला, काहीतरी समजुतीचं बोलणार होता. नेमका तेव्हा फोन वाजला. टीमचं बोलावणं. केयूरचा आवाज स्पीकरवर आला, आता घराच्या आतच असल्यासारखा: "धम्म्या, ये ना. आज तरी ये."

नीलम पलंगावरून उतरली. फोन तिने बापाच्या मांडीवर ठेवला.

"मला येत नाही हे," चंद्रप्रकाश म्हणाला.

"डावा अंगठा चालायला. उजवा गोळीला. पडलात तर पडलात, परत उठता येतं त्यात."

त्याने फोन उचलला तो परत द्यायलाच. पण चार्जरची वायर आखूड होती, म्हणून तो सरकत पलंगाच्या कोपऱ्याशी गेला, आणि तिथे बसलं की पडद्यावर ऊन पडतं, म्हणून मान डावीकडे करावी लागते. जरा खाली. त्याने डोळे बारीक केले. खालचा ओठ दातात धरला. अंगठा अडखळला, मग चालला.

द्रौपदीने स्टूल उचललं. आवाज न करता वळवलं, आणि नवऱ्यासमोर टाकलं.

नीलम भिंतीला लागून उभी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा तिला आपले हात आपल्याच बाजूला लोंबताना जाणवले, हलके, आणि काय करावं ते न सुचलेले. तिला वाटलं, आता आई एकदा तरी मागे वळेल. ती थांबली. तिने भांडी गोळा केली, मुद्दाम जरा आपटली. मग चपला घातल्या. दार उघडताना तिने मागे बघितलं, तेव्हा तिच्या वडिलांचा उजवा पाय हलायला लागला होता आणि पलंगाची पट्टी वाजत होती.

"आलास का रे?" केयूरने विचारलं.

चंद्रप्रकाश म्हणाला, "हो."

नीलम जिना उतरली.

०

२०२० च्या उन्हाळ्यात, पोरांना खाली सोडत नव्हते तेव्हा, हा गेम चंद्रप्रकाशने नीलमसाठी फोनवर घेतला होता; धम्मपालला तो तिने शिकवला, पलंगाच्या त्याच कोपऱ्यात बसून.